चिनी मातीची खाण बंद होतेय, जमीन नीट करायचा खर्च कसा काढायचा? (सिंधुदुर्ग)

वहाळकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होईल पण कृपया वाचा, आमच्यासाठी विषय महत्त्वाचा आहे.

आमची सिंधुदुर्गात साधारण ५ एकर म्हणजे २ हेक्टर वरकस (हलकी, उताराची) जमीन आहे, ती वडील आणि काकांनी वीसेक वर्षांपूर्वी पांढऱ्या मातीच्या खाणीला दिली होती. चिनी माती, जी कपबशा, टाइल्स, कागद, रंग यात जाते ती. आता लीज पुढच्या वर्षी संपतंय आणि माल पण संपल्यात जमा आहे. गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस घरी आला आणि म्हणाला सपाटीकरणाचे ४ लाख देतो, या कागदावर सही करा आणि जमीन ताब्यात घ्या. वडील सही करायला निघाले होते, मी थांबवलं कारण मला हा ४ लाखांचा आकडा कुठून आला तेच कळेना. विचारलं तर म्हणे एकरी ८० हजार असा आमचा रेट आहे.

जागेवर काय आहे ते सांगतो. मुख्य खड्डा वरून १२० मीटर बाय ८० मीटर, खाली तळाला १०० बाय ६०, खोली ९ मीटर. वरचा ३ मीटर जांभा आणि त्याखाली पांढरी माती. आत्ता पाऊस संपल्यावर पाणी काठापासून ३ मीटर खाली आहे. बाजूला दोन ढीग आहेत, एक बुडाला ६० बाय ५० आणि माथ्यावर ४० बाय ३०, दुसरा बुडाला ५० बाय ४५ आणि माथ्यावर ३४ बाय २९, दोन्ही अंदाजे ८ मीटर उंच. त्यात जांभ्याचे तुकडे, माती धुतल्यावर उरलेली रेती असं सगळं मिसळून टाकलंय. एक जुनी सेटलिंगची (गढूळ पाणी निवळायची) टाकी आहे ती गाळाने भरलीय. दरवर्षी जून-जुलैत पांढरं पाणी वहाळातून खाली आमच्याच भाऊबंदांच्या मळ्यात जातं आणि त्यांच्या भातावर साय धरल्यासारखा थर बसतो, त्यावरून घरात बोलणी पण खाल्लीयत.

माझे प्रश्न असे की १) मी स्वतः जाऊन पाहणी करताना नेमकं काय बघायचं, २) खरा खर्च कसा काढायचा म्हणजे निदान समोर बसून बोलता येईल, आणि ३) खड्डा भरून मागावा का? वडिलांची इच्छा आहे की जमीन होती तशी मिळावी. मी आयटीत आहे, खाणीतलं काही कळत नाही.

ओपनकास्ट_काका:

सर्वात आधी सही करू नका. तुम्ही थांबवलंत ते फार बरं केलंत. मी २६ वर्षं उघड्या खाणींत काढली, त्यातली ९ मातीच्या खाणीत, आता घरी असतो. एकरी रेट ही खर्च काढायची पद्धतच नाही. खर्च खड्ड्याच्या घनमीटरवर ठरतो, जमिनीच्या एकरावर नाही. ५ एकरात १ मीटर खोल खड्डा असला तरी ४ लाख आणि ९ मीटर असला तरी ४ लाख, असं कसं होईल?

पाहणीचं सांगतो. एकटे जाऊ नका, दोघंतिघं जा आणि काठाच्या अगदी टोकाला उभे राहू नका. तुमच्याकडे वर जांभा आणि खाली माती आहे ना, हा प्रकार फसवा असतो. जांभा सरळ भिंतीसारखा उभा राहतो, चिरेखाणीत बघितलं असेल, त्यामुळे वाटतं की काठ भक्कम आहे. पण खालची माती पाण्याने मऊ होऊन निघून जाते आणि वरचा जांभा छपरासारखा लोंबकळत राहतो, मग एक दिवस अख्खी फळी खाली येते. म्हणून काठापासून ५-६ मीटर आत उभं राहून जमिनीवर काठाला समांतर भेगा आहेत का ते बघा. भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि अंतर लिहून ठेवा, महिन्याने परत मोजा. अंतर वाढलं असेल तर भिंत सरकतेय.

मग समोरच्या काठावरून भिंतीकडे बघा, दुर्बीण असेल तर उत्तम. जांभा आणि माती जिथे मिळतात त्या रेषेवर ओल आहे का, पाणी पाझरतंय का. पाझर असेल तर तिथूनच भिंत कुजते. नियमाप्रमाणे माती, मुरूम असल्या मऊ जमिनीत बाजू ४५ अंशांपेक्षा जास्त उभी ठेवायची नाही, किंवा मग पायऱ्या पाडायच्या, दीड मीटरपेक्षा उंच नाहीत आणि उंचीपेक्षा रुंदी कमी नाही. हे १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्समध्ये (खाणींचे सुरक्षा नियम) आहे, कलम १०६. तुमच्या खड्ड्यात पायऱ्या राहिल्यात का ते बघा, बहुतेक शेवटच्या दोन वर्षांत माल काढायच्या नादात त्या खाल्लेल्या असतात.

ढिगांवर पावसाच्या घळी पडल्यात का आणि त्या घळींच्या तोंडाशी गाळ कुठे जातो ते चालत चालत शोधा, अगदी वहाळापर्यंत जा, तुमच्या मळ्यातल्या पांढऱ्या पाण्याचा उगम तिथेच सापडेल, खड्डा नव्हे, कारण खड्ड्यातलं पाणी बाहेर पडत नाही तोवर त्याचा त्रास नाही, त्रास ढिगाचा आणि भरलेल्या टाकीचा असतो. प्रत्येक गोष्टीचा फोटो, फोटोत माणूस किंवा पट्टी, आणि लोकेशन चालू ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरची माती. खाण सुरू करताना वरची सुपीक माती वेगळी काढून जपायची असते, मायनिंग प्लॅनमध्ये तसं लिहिलेलं असतंच. तिचा वेगळा ढीग जागेवर दिसतो का?

वहाळकाठ:

काका खूप धन्यवाद. वरच्या मातीचा वेगळा ढीग नाही. वडील म्हणतात पहिल्याच वर्षी ती रस्ता करायला वापरली.

टोटलस्टेशन:

मी सर्व्हेयर आहे, माझं मोजमापापुरतं बोलतो. तुम्ही तळाचं माप १०० बाय ६० म्हणताय, पण पाणी तर ६ मीटर आहे आत. मग ते तुम्ही मोजलंय की त्यांच्या नकाशावरून घेतलंय? फरक पडतो. नकाशावर तळ नेहमी सपाट आणि नेमका दिसतो.

तरी तुमचेच आकडे धरून गणित दाखवतो. वरचं क्षेत्र ९,६०० चौरस मीटर, तळ ६,०००, मधलं म्हणजे ११० बाय ७० चं ७,७००. वर अधिक मधल्याची चौपट अधिक तळ, गुणिले खोली, भागिले ६. उत्तर येतं ६९,६०० घनमीटर. वरचं आणि खालचं क्षेत्र नुसतं बेरीज करून अर्धं करू नका, ७०,२०० येतं, इथे फरक थोडा आहे पण ढिगांसारख्या निमुळत्या आकारात चूक वाढते.

ढीग त्याच पद्धतीने: पहिला साधारण १६,३००, दुसरा १२,६००. एकूण २८,९०० घनमीटर. म्हणजे खड्डा ६९,६०० चा आणि भरायला माल २८,९००. शिवाय ढिगातला माल सैल आहे, थर देऊन रोलर फिरवला की तो बसतो. मी ०.८५ धरतो, म्हणजे भरावात २४,५०० च होतील. उरलेले ४५,००० कुठून आणणार? माल तर ट्रकमध्ये भरून गेला, तो आता कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्समध्ये आहे. हे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

खरं मोजायचं तर ड्रोनने वरचा भाग आणि ढीग, आणि पाण्याखालचं होडीतून किंवा निदान टायरच्या तराफ्यावरून दर १० मीटरला वजन सोडून. तराफ्यावर जाणाऱ्याला लाइफ जॅकेट आणि काठावरून दोर, याशिवाय कुणाला उतरवू नका.

शेजारगाव_७९:

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाक पण अशीच एक जुनी खाण आसा. कंपनी गेली, कुंपण नाय, बोर्ड नाय. उन्हाळ्यात पोरां पोहूक जातत. पाणी निळां दिसता म्हणान सगळ्यांका बरां वाटता, पण काठ सरळ, पाय ठेवूक जागा नाय आणि खाली चिखल. एकदा पाय रुतलो की माणूस वर येऊक शकत नाय. कुंपणाचो खर्च पयलो धरा, बाकी सगळां मागसून.

वहाळकाठ:

दादा हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पण फक्त एका बाजूला तारा आहेत त्या पण पडलेल्या. कुंपण नक्की धरतो.

टोटलस्टेशन, तळाचं माप त्यांच्या नकाशावरूनच घेतलं होतं, खोली मी एका ठिकाणी दोर सोडून बघितली ती ९ आली. सर्व्हे करून घेतो.

वडिलांना ६९ हजार आणि २४ हजारचा हिशोब सांगितला. बराच वेळ गप्प बसले.

ओपनकास्ट_काका:

वडिलांना सांगा की होती तशी जमीन मिळणार नाही पण वापरता येईल अशी जमीन मिळू शकते आणि ती मागायचा हक्क आहे. आता खर्चाकडे येतो, जरा लांब आहे.

आधी ठरवा की शेवटी काय हवंय, कारण खर्च त्यावर आहे. पूर्ण भरायचं म्हटलं तर वर सांगितलेले ४५,००० घनमीटर बाहेरून, ट्रकमधल्या सैल मापात ते ५४,००० होतील, १४ घनमीटरचा हायवा धरला तर ३,८०० च्या वर खेपा. खेपेला मालासकट ४ हजार धरले तरी दीड कोटीच्या वर, आणि तेवढी माती आणायला दुसऱ्या कुणाची तरी टेकडी खणावी लागेल. त्या वाटेला जाऊ नका.

माझं म्हणणं, खड्ड्याचं तळं करा आणि त्याच्या बाजू इतक्या उतरत्या करा की म्हैस आत उतरून पाणी पिऊन परत वर येईल. १ ला ३ चा उतार, म्हणजे १ मीटर खाली जायला ३ मीटर आडवं. आत्ता तुमचा सरासरी १ ला १.१ आहे. हा उतार दोन प्रकारे होतो. एक, वरचा काठ कापून खाली ढकलायचा, ते स्वस्त पडतं, काठाच्या दर मीटरला १९ घनमीटर हलवावे लागतात, पण त्यात काठ साडेआठ मीटर बाहेर सरकतो आणि लीजच्या हद्दीपासून साधारण साडेसात मीटरच पट्टा सोडलेला असतो, म्हणजे तुम्ही शेजाऱ्याच्या जमिनीत जाल. शिवाय वर जांभा आहे, तो कापायला ब्रेकर लागेल. दुसरा प्रकार, ढिगातला माल पायथ्याला टाकून आतून उतार बांधायचा. खड्ड्याचा नवा तळ मग ६६ बाय २६ होतो, खड्डा ४६,५०० घनमीटरचा उरतो, म्हणजे भराव लागतो २३,०५०. आणि तुमच्या ढिगांत बसलेल्या मापाने २४,५०० आहेत! ढीग पण गेले आणि काठ पण झाला. असं जुळून येणं नेहमी होत नाही, म्हणून मी दोनदा तपासलं.

दर मी उदाहरणाला धरतोय, तुम्ही पीडब्ल्यूडीचा चालू एसएसआर (सरकारी दरपत्रक) काढा आणि दोन स्थानिक कॉन्ट्रॅक्टरची लेखी कोटेशनं घ्या, मग माझे आकडे खोडून ते टाका. ढिगातून २७,१०० घनमीटर उचलणं, वाहणं, पसरणं ११० रुपयांनी २९.८ लाख. थर देऊन पाणी मारून रोलर, २३,०५० ला ३० रुपये, ६.९ लाख. खड्ड्याभोवती पावसाचं पाणी वळवायचा चर ४५० मीटर, ७०० रुपयांनी ३.१५. तळ्याचा सांडवा आणि टाकी साफ करून परत नीट बांधणं अडीच लाख. पाण्याच्या वरचा उतार ३,४५० चौरस मीटर, काथ्याची जाळी आणि गवत ६० रुपयांनी २ लाख. झाडं ८५ हजार. पाच वर्षांची देखभाल, पाणी, मेलेली झाडं बदलणं, वर्षाला ६० हजार म्हणजे ३ लाख. कुंपण ६०० मीटर ४५० ने २.७ लाख. सर्व्हे, माती आणि पाणी तपासणी १ लाख. बेरीज ५२ लाख. त्यावर अडीअडचणीला १० टक्के आणि देखरेखीला ५ टक्के, झाले जवळपास ६० लाख, जीएसटी वेगळा.

४ लाख कुठे आणि ६० लाख कुठे.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दर बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरचा धरायचा. कंपनी म्हणेल आमच्या मशीन आहेत, आम्हाला डिझेलपुरताच खर्च येतो. बरोबर आहे, पण उद्या ते निघून गेले तर काम तुम्हाला बाजारातून करून घ्यायचंय, त्यांच्या मशीनने नाही. काम ते स्वतः करणार असतील तर पैसे नकोत, काम करून द्या म्हणा. पैसे घ्यायचे असतील तर बाजारभावाने.

हिशोबी_माणूस:

काकांचं गणित मान्य आहे पण एक अडचण मांडतो, राग मानू नका. त्या भागात ५ एकर वरकस कातळ जमिनीची किंमत ६० लाख आहे का? नसेल तर कंपनी सरळ म्हणेल की आम्ही जमीनच विकत घेतो नाहीतर त्या किमतीएवढीच भरपाई देतो. मी अशा बोलण्यांत बसलोय (वीटभट्टीच्या मातीच्या खड्ड्यांचा विषय होता, नदीकाठी) आणि समोरचा पहिला मुद्दा हाच काढतो.

ओपनकास्ट_काका:

मुद्दा योग्य आहे. त्याला माझं उत्तर दोन भागांत आहे.

खर्च कमी करायला जागा आहे. चारही बाजू उतरत्या करायची गरज नाही. एक लांब आणि एक आखूड बाजू, जिथून माणसं जनावरं येणार, ती १ ला ३ करा. उरलेल्या दोन बाजूंना लोंबकळणारा जांभा पाडून टाका, एक रुंद पायरी काढा आणि तिथे भक्कम कुंपण. भराव अर्ध्यावर येतो, उरलेला ढीग पण मग जागेवरच उतरता करून त्यावर गवत लावायला लागतं, ते धरून सगळं ४२ ते ४४ लाखांत बसेल.

दुसरं म्हणजे हा प्रश्न फक्त त्या ५ एकरांचा नाहीच. ढीग तसेच सोडले तर खालच्या मळ्यातलं भात दरवर्षी जाणार, वहाळ भरत जाणार, आणि जमीन ताब्यात घेतल्यावर पोरगं बुडालं तर पोलीस तुमच्या वडिलांच्या दारात येणार. जमिनीची किंमत देऊन ही जबाबदारी संपत नाही. जमीन विकायची असेल तर तो वेगळा सौदा, पण मग ढीग आणि पाणी त्यांच्या गळ्यात राहिलं पाहिजे, तसं लिहून घ्या.

अर्जफाटे:

कागदाच्या बाजूने थोडं. चिनी माती, बॉल क्ले, फायर क्ले, जांभा, सिलिका सँड अशी ३१ खनिजं केंद्राने १० फेब्रुवारी २०१५ ला गौण खनिज केली. म्हणजे तुमचं लीज सुरू झालं तेव्हा ते मेजर मिनरल (केंद्राच्या नियमांतलं) होतं आणि आता राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत येतं. त्यामुळे फाईल दोन भागांत असण्याची शक्यता आहे, ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत माहिती अधिकारात दोन्ही मागा. मायनिंग प्लॅन, माइन क्लोजर प्लॅन, लीज डीड, भरलेली बँक गॅरंटी किंवा अनामत. पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि तिचे सहामाही अहवाल परिवेश पोर्टलवर शोधा, त्यात वरची माती जपून ठेवली असं लिहिलेलं सापडलं आणि जागेवर ढीग नसेल तर तुमच्या हातात मोठा मुद्दा आहे.

एमएमडीआर कायद्याचं (खाणी आणि खनिजांचा केंद्राचा कायदा) कलम २४ अ वाचा. जमिनीच्या पृष्ठभागाचा ताबा असणाऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणं लीजधारकावर बंधनकारक आहे असं त्यात आहे. गौण खनिजांना त्या कायद्याची कलमं ५ ते १३ लागू नाहीत, पण २४ अ त्यात येत नाही, त्यामुळे गौण खनिज झालं म्हणून हा हक्क जात नाही. शिवाय सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२० ला सांगितलंय की खाणकाम थांबल्यावर लीजधारकाने जमिनीवर परत गवत लावून ती चारा, झाडंझुडपं उगवतील अशी करायची. तुमच्या मंजुरीच्या अटींत ते आलंय का बघा.

अनामतीवर मात्र विसंबू नका. मेजर मिनरलच्या खाणींना २०२१ पासून हेक्टरी ५ लाख आणि छोट्या वर्गाला ३ लाख असा हिशोब आहे. काकांचा आकडा हेक्टरी ३० लाख येतोय. अनामत ही खर्चाचा अंदाज नसते, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि सरकारी आकडा आहे म्हणजे तेवढाच खर्च असं धरून चालतात.

सातबारावर इतर हक्कात काय नोंद आहे आणि जमीन अकृषिक झालीय का तेही बघून घ्या. आणि कंपनीच्या कागदावर "कोणतीही तक्रार शिल्लक नाही" असं वाक्य आहे का ते सांगा.

वहाळकाठ:

आहे. अगदी शब्दशः तेच आहे, शेवटच्या परिच्छेदात.

काजूवाली:

मी फलोत्पादनात काम करते, काकांच्या यादीत झाडं ८५ हजार वाचून लिहावंसं वाटलं. आकडा ठीक आहे पण मातीचा खर्च धरलाच नाहीये. पाणी सोडून उरलेली जमीन साधारण १३,७०० चौरस मीटर, त्यावर १ फूट चांगली माती पसरायची म्हटली तर ४,१०० घनमीटर लागते, म्हणजे परत ३०० हायवा, आणि ती कुणाच्या तरी शेताची वरची माती असणार. ते अजिबात करू नका.

त्याऐवजी खड्ड्याखड्ड्यात माती द्या. सपाट भाग १०,४०० चौरस मीटरचा येतो, ७ बाय ७ मीटरवर काजू लावला तर २१० च्या आसपास कलमं. कातळावर लावताना आपण मोठा खड्डा काढून त्यात माती भरतो ना, तसं प्रत्येकी १ घनमीटर दिलं तरी २१० घनमीटर, १५ खेपा. ४,१०० च्या जागी २१०. बाकी जमीन गवत आणि गिरिपुष्पाने झाकायची, गिरिपुष्प वाईटात वाईट जमिनीत येतं आणि त्याचा पाला दरवर्षी कापून काजूच्या बुडाशी टाकला की तिथेच माती तयार होत जाते. वेंगुर्ला ४ किंवा वेंगुर्ला ७ घ्या, आपल्या हवेतली आहेत. उताराच्या तोंडाला वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली जातात. ढिगाच्या जागी माणगा बांबू चांगला येईल, त्याला चार-पाच वर्षांत पैसे पण मिळतात.

पण लावायच्या आधी माती तपासा. ही पांढरी माती म्हणजे केओलिन, ती खत धरून ठेवत नाही, टाकलेलं पहिल्या पावसात वाहून जातं. शिवाय आपल्याकडे जमीन मुळात आम्लच असते, चुना किती टाकायचा ते तपासणीशिवाय सांगता येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. ढिगातले, टाकीतल्या गाळाचे आणि न खणलेल्या बाजूच्या जमिनीचे वेगवेगळे नमुने, एकत्र करू नका. पहिल्या वर्षी फक्त गवत आणि गिरिपुष्प लावा, भराव एक पावसाळा बसू दे, मग काजू. घाईने लावलेली कलमं भराव खचल्यावर वाकडी होतात, मी स्वतः बघितलीयत आणि फार वाईट वाटतं, दोन वर्षं वाढवलेलं झाड असतं ते.

दूरदेशी:

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे कॉर्नवॉल भागात चिनी मातीच्या खाणी २५० वर्षांहून जुन्या आहेत, १ टन मातीमागे साधारण ९ टन टाकाऊ माल निघतो आणि त्याचे पांढरे डोंगर लांबून दिसतात. तिथल्या बोडेल्वा नावाच्या संपलेल्या खाणीत २००१ साली ईडन प्रोजेक्ट सुरू झाला, मोठमोठ्या पारदर्शक घुमटांतली बाग. मी बघायला गेलो तेव्हा झाडांपेक्षा मला एकच गोष्ट लक्षात राहिली, त्यांच्याकडे पण माती नव्हती. खाणीतला टाकाऊ माल आणि कंपोस्ट मिसळून त्यांनी ८५,००० टन माती बनवली. ते पैसे आपल्याकडे नाहीत हे खरं, पण तुमच्या ढिगात धुतलेली रेती आहे आणि गावात शेण, पालापाचोळा आहे. काजूवाली ताईंच्या २१० खड्ड्यांपुरती माती जागेवरच बनवता येईल का?

काजूवाली:

येईल की! रेती, टाकीतला सुकलेला गाळ थोडासा, शेणखत आणि कुजलेला पाला. गाळ जास्त झाला तर पावसात चिकट आणि उन्हात विटेसारखं होतं, म्हणून आधी दहा-बारा खड्ड्यांत वेगवेगळं प्रमाण करून बघा. पावसाळ्याच्या आधी सुरू करा म्हणजे कुजायला वेळ मिळेल.

वहाळकाठ:

दीड महिन्याने लिहितोय, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

सर्व्हे झाला. ड्रोनने ढीग २७,८०० घनमीटर आले, म्हणजे माझ्या टेपच्या मापापेक्षा थोडे कमी. काका, बसवल्यावर ते २३,६०० होतात, तुमच्या २३,०५० ला कसेबसे पुरतात. पण पाण्याखाली वेगळंच निघालं. मी दोराला अणकुचीदार दगड बांधून मोजलं होतं त्याला ९ मीटर आली. सर्व्हेयरने सपाट पत्र्याचं वजन सोडलं तर ते साडेसात मीटरवरच थांबलं आणि लोखंडी सळई दाबली तर ती ९ पर्यंत गेली. म्हणजे तळाला दीड मीटर दह्यासारखा गाळ आहे. तराफ्यावरच्या मुलाला लाइफ जॅकेट आणि दोर दोन्ही होतं, टोटलस्टेशन तुमचे आभार.

भेगा पण सापडल्या, पूर्वेच्या काठावर दोन, एक तर माझा हात जाईल एवढी रुंद. खुंट्या ठोकल्या, पाच आठवड्यांत ४ सेंटीमीटरने अंतर वाढलंय. त्या बाजूला आम्ही स्वतःच्या खर्चाने तात्पुरती काटेरी कुंपण घातलीय आणि वाडीत सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलंय.

फाईल मिळाली. मायनिंग प्लॅनमध्ये वरची माती उत्तरेच्या कोपऱ्यात दोन मीटर उंच ढिगात ठेवणार असं नकाशासकट लिहिलंय. त्या कोपऱ्यात आज रस्ता आहे.

वडिलांनी सही केली नाही. आम्ही सगळे मुद्दे, फोटो आणि ४४ लाखांचा हिशोब जोडून खनिकर्म शाखेत अर्ज दिलाय आणि संयुक्त पाहणी मागितलीय, ती पुढच्या महिन्यात होईल असं तोंडी सांगितलंय. ज्यांच्या मळ्यात पांढरं पाणी जातं त्या भाऊबंदांनी पण अर्जावर सह्या केल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या पडवीत बसून चहा प्यायले.

काका, आता विचारायचंय की त्या दीड मीटर गाळावर भराव टाकला तर काय होईल?

ओपनकास्ट_काका:

गाळावर थेट मुरूम टाकला तर गाळ बाजूला सरकतो आणि भराव त्यात बसत जातो, टाकाल तेवढं गिळतो. म्हणून आधी पायथ्याला जांभ्याचे मोठे तुकडे, फुटबॉलपेक्षा मोठे, काठाकडून आत सोडत जायचे, ते गाळ पुढे ढकलत तळाला बसतात आणि एक बांध तयार होतो, मग त्याच्या मागे साधा भराव. ढिगातला मोठा जांभा त्यासाठी वेगळा काढा, बारीक माल वर. आणि हे काम एप्रिल-मेमध्येच, पाणी जास्तीत जास्त उपसून. उपसलेलं पाणी वहाळात सोडू देऊ नका, ते पांढरंच असणार, आधी टाकी साफ करून त्यात निवळू द्यायला लावा.

हिशोबात दोन ओळी वाढवा, दगडाचा पायथा आणि पाणी उपसणं. दोन बाजू धरल्या तर नव्या पायथ्याची लांबी साधारण १२५ मीटर येते. मीटरला ८ घनमीटर दगड धरा आणि निवडून टाकायचा दर साध्या भरावाच्या दुप्पट. पंपाचं कोटेशन वेगळं घ्या. आणि अडीअडचणीचे १० टक्के होते ते १५ करा, कारण तळ दिसत नाही.

पूर्वेची भेग वाढतेय म्हणताय, तर संयुक्त पाहणीची वाट न बघता त्या भेगेचं वेगळं पत्र आजच द्या, फोटो आणि दोन्ही तारखांची मापं टाकून, आणि एक प्रत डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालय) विभागीय कार्यालयाला. लीज संपेपर्यंत खाणीची सुरक्षितता कंपनीच्या मॅनेजरकडेच आहे. पोचपावती घ्यायला विसरू नका.

वहाळकाठ:

पत्र उद्या सकाळी देतो. पाहणी झाली की इथेच लिहीन.